पापड आपोआप खाली यायचे

ही वही चुकून कुणाच्या हाती लागली तर त्याची आधीच क्षमा मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं. मी चौथीपर्यंत शिकले, तेही इथल्या हिंदी शाळेत. मराठी लिहायला आईने शिकवलं, पोळ्या लाटता लाटता. त्यामुळे 'ळ' हवा तिथे माझा हात 'ल' काढून मोकळा होतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी मिठासारखं अंदाजानेच घालते. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, किंवा वही मिटून जागेवर ठेवावी.

लिहायचं कारण एवढंच, की आमच्या घरात मला बोलता येत नाही. म्हणजे मुकी नाही मी. पण थोरले दीर समोर असले की 'हो' आणि 'आणते' यापलीकडे शब्द फुटत नाही. त्यांना सगळे दादा म्हणतात. तेही माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी ताट घेऊन समोर उभी असले तरी ह्यांना म्हणतात, "तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मग हे माझ्याकडे मान वळवून सांगतात, "मीठ कमी आहे म्हणे." मी ह्यांना सांगते, "आणते." हे दादांना सांगतात, "आणतेय." हातभर अंतरावर तिघं, आणि मीठ जणू इंदूरहून यायचंय.

दादांचं देवास गेटजवळ शिड्या आणि बांबू भाड्याने द्यायचं दुकान. हे त्यांच्याच हाताखाली. कुठे रंगकाम असलं, मंगल कार्यालयात झुंबर टांगायचं असलं, की शिडी दादांची आणि शिडीवर चढणारे हे. मग एका वर्षी दादांनी इंदूरहून एक जुनी सीझर लिफ्ट विकत आणली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली चार चाकांची लोखंडी पेटी, तिच्यात बॅटऱ्या आणि तेल. मध्ये कात्रीसारख्या एकमेकीत अडकलेल्या लोखंडी पट्ट्या. वर कठड्याचा पाळणा, त्यात माणसं उभी राहतात. बटण दाबलं की कात्र्या उघडत जातात आणि पाळणा छतापर्यंत जातो. माणसाला शिडी नको, तोल नको. फक्त मशीन नीट हवी.

नीट ठेवण्याचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं. कसं, ते सांगते.

मशीन आली ती दसऱ्याला. आमच्या नानाखेड्याच्या अंगणात उतरवली आणि राम घाटावरून गुरुजींना बोलावलं. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. इथपर्यंत ठीक. मग दादांनी शेंदूर तेलात कालवून घेतला आणि टिळा कुठे लावावा म्हणून मशीनभोवती फिरले. कठड्याच्या खाली मधोमध एक चकचकीत पाटी होती. बारीक अक्षरात काहीतरी इंग्रजी लिहिलेलं, आकडे होते.

"हे मशीनचं कपाळ," दादा म्हणाले, आणि त्यावर बोटभर जाड स्वस्तिक काढलं. दोन्ही बाजूंना शुभ आणि लाभ.

कपाळी लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणतात. ते आमच्या घरी त्या दिवसापासून खरं झालं, कारण त्या पाटीवर मशीन किती माणसांचं वजन घेते ते लिहिलं होतं. शेंदूर तेलातला. कित्येक महिने हलला नाही.

मशीनबरोबर एक पिवळा लोखंडी दांडाही आला होता. तो बाहेर सुटा निघायचा. दादांनी हातात तोलून पाहिला, "काय कामाचा?" म्हणाले. नंतर मागच्या दाराचा अडसर मोडला होता तिथे तो लावून टाकला. छान बसला. चोराची भीती गेली. महिन्यातून एकदा मशीनची देखभाल व्हायची, ती अशी: दर अमावास्येला जुनं लिंबू-मिरची काढायचं, नवं लटकवायचं. बॅटऱ्यांत पाणी घालायचं ते बाजारातलं वेगळं मिळतं, असं हे एकदा म्हणाले. दादांनी त्यांना बोअरच्या मोटारीचं पाणी दाखवलं. "पाणी पाणीच असतं."

उन्हाळा आला. मी उडदाचे पापड लाटते, आमच्या आणि ओळखीच्या घरांसाठी. नानाखेड्यात पापड वाळत घालणं म्हणजे गाईशी, कुत्र्यांशी आणि शेजारच्या पोरांशी एकाच वेळी लढाई. आमच्या घराला गच्ची नाही. एके दिवशी मशीनला काम नव्हतं, अंगणात नुसती उभी. मी ह्यांना म्हटलं, "पाळण्यात चादर अंथरून पापड घालू का? तुम्ही वर करून द्या."

हे हसले. पण करून दिलं. पाळणा वर गेला, शेजाऱ्यांच्या गच्चीच्या कठड्याशी बरोबर कठडा लावून थांबला. किल्ली काढून हे दुकानात गेले. गाईने खालून वर पाहिलं आणि निघून गेली. माझ्या आयुष्यात मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

दुपारी भांडी घासायला बाहेर आले तर पापड खाली आलेले. म्हणजे जमिनीवर नाही. पण शेजाऱ्यांचा कठडा वर राहिला होता आणि माझे पापड त्यांच्या खिडकीशी आले होते. शेजारीण खिडकीतून एक पापड उचलून बघत होती. "अच्छे हैं भाभी," म्हणाली. मला वाटलं, ह्यांनी नीट वर नेला नसेल. संध्याकाळपर्यंत पाळणा आणखी उतरला होता. हे अजून आले नव्हते, म्हणून मी खालच्या पेटीजवळचा लाल दांडा ओढला. मशीन अडकली तर वरच्या माणसाला खाली आणायला तो असतो, असं ह्यांनी मला एकदा दाखवलं होतं. सुस्कारा टाकत पाळणा खाली आला. मी पापड गोळा केले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवून बसले. कुणी हात लावत नव्हतं, किल्ली ह्यांच्या खिशात, आणि पाळणा मात्र म्हातारीसारखा हळूहळू खाली बसत होता. डोळ्यांना दिसत नाही. पण पोळ्या लाटून येऊन बघितलं की दिसतो.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "मशीन आपोआप खाली येते."

हे दादांना म्हणाले, "ही म्हणते, मशीन आपोआप खाली येते."

दादांनी घास थांबवला. "तिला सांग, उडीद जड असतो."

"पापड वाळल्यावर हलके होतात," मी ह्यांना सांगितलं. "तरी येते."

"मग कुणाची नजर लागली असेल. एवढी मोठी मशीन अंगणात उभी आहे, लोक जळतात." दुसऱ्या दिवशी कठड्याला दोन लिंबू-मिरच्या लागल्या. पाळणा दोन्ही घेऊन खाली आला.

मला हसू आलं. पापड खाली आले तर काय, पापडच राहतात. उद्या त्या पाळण्यात हे असणार. हात वर करून, छताच्या हुकात झुंबर अडकवत. पाळणा एकदमच सुटला तर? मी ह्यांना अंथरुणात विचारलं. ते म्हणाले, "दादांनी आणलीय, बघूनच आणली असेल." माझ्या नवऱ्याचा सगळा स्वभाव या एका वाक्यात मावतो.

त्याच सुमारास दादांना मोठं काम लागलं. इंदूर रोडवर नवा लग्नाचा हॉल होत होता, उंच छत, झुंबरंच झुंबरं. हॉल बांधणाऱ्या कंपनीची अट होती की मशीनची तपासणी झालेली हवी, कागद हवा. दादांनी लगेच एक साहेब बोलावले. तपासणीचे कागद देणारे.

साहेब सकाळी आले, कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले, आणि शेवटपर्यंत तिथून उठले नाहीत. मी पोहे-जलेबी आणि भाजलेले पापड नेऊन ठेवले, आणि दाराआड उभी राहिले. साहेब कागदावरचं एकेक वाचायचे आणि दादा उत्तर द्यायचे. जणू लग्नाला मुलगी दाखवतायत.

"ब्रेक?"

"फर्स्ट क्लास, साब."

"हायड्रॉलिक?"

"एकदम मक्खन."

"तेल लीक?"

"अपने यहाँ तो नल भी लीक नहीं करता."

"इमर्जन्सी लोअरिंग?"

"चलती है, साब. रोज चलती है."

हे मात्र खरं होतं. रोज तो लाल दांडा ओढत होते मी. त्या मशीनची तेवढी एकच तपासणी झाली होती आणि ती माझ्या पापडांनी केली होती.

मग साहेबांनी पापड उचलला. उजेडाकडे धरला, भोक आहे का पाहिलं, कडा तपासल्या, तुकडा मोडून आवाज ऐकला, आणि विचारलं, "घर के हैं? कहाँ सुखाते हैं?" इतकी बारीक चौकशी त्यांनी मशीनची केली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते. दादा म्हणाले, "वहीं, ऊपर." साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सही केली, मशीनला हिरवा कागद चिकटवला, पापडांची पिशवी बांधून घेतली आणि गेले.

आता दादांच्या जिभेला हाड राहिलं नाही. "तिला सांग, सरकारमान्य माणसाने पास केलीय. आता पापडांचं काही ऐकायचं नाही मला."

कामाच्या आदल्या दिवशी हॉलच्या कंपनीकडून एक मुलगी आमच्या अंगणात आली. त्यांच्याकडे सुरक्षा बघणारी. डोक्यावर टोप, पायात जाड बूट, माझी मुलगी शोभेल एवढं वय. मशीन हॉलमध्ये घ्यायच्या आधी ती स्वतः बघणार होती. दादांनी हिरवा कागद दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, "ठीक है अंकल, अब मशीन दिखाइए."

खुर्ची दिली, ती बसली नाही. ती मशीनखाली वाकून बघू लागली, टायरांना हात लावू लागली, कठड्याचं दार उघडून आपोआप लागतं का ते पाहू लागली. दादांच्या चेहऱ्यावर असे भाव की कुणी त्यांचा खिसा तपासतंय.

"वजन की प्लेट कहाँ है?"

"यहीं है, बेटा. स्वस्तिक के नीचे."

"साफ कीजिए."

"भगवान का है, ऐसे मिटाते नहीं."

"तो भगवान को थोड़ा बगल में बिठा दीजिए, अंकल."

ह्यांनी रॉकेलचा बोळा आणला. शुभ गेलं, लाभ गेला, आणि खालून पाटी निघाली. त्यावर दोन माणसांचं चित्र होतं. आमची मशीन इतके महिने चौघांना घेऊन जात होती, वर रंगाचे डबे. ह्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. पहिल्यांदाच ते दादांकडे न बघता काहीतरी बघत होते.

मग ती म्हणाली, पाळणा पूर्ण वर घ्या. वर घेतला. किल्ली काढायला लावली, आणि शिडीवर चढून तिने पाळण्याच्या तळाच्या बरोबरीने भिंतीवर खडूची रेघ ओढली. "अब इसको ऐसे ही रहने दो. देखते हैं, रुकती है या नहीं. तब तक चाय पिला दीजिए."

दादांचा चेहरा उतरला. त्यांना पापड आठवले असणार. पण माणूस हुशार. मोठ्याने ह्यांना म्हणाले, "तिला सांग, चहा आण पटकन. मॅडमना उशीर होतोय. दोन मिनिटांत आण!"

चहा लवकर आला की लवकर संपतो. चहा संपला की मॅडम जातात. मी स्वयंपाकघरात हे सगळं ऐकत होते आणि मला कळत होतं.

मला बोलता येतच नाही. मी फक्त गॅस बारीक केला.

पातेल्यात पाणी ठेवलं. मग वाटलं, पातेलं नीट घासलेलं नाही. ते ओतलं, पातेलं घासलं, परत पाणी ठेवलं. आलं किसलं. पाहुणी आहे, आलं थोडं जास्त हवं, म्हणून आणखी किसलं. वेलची सोलून कुटली. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं, खरंच घट्ट होतं. बाहेर दादा खोकले. दाराशी येऊन खोकले म्हणजे त्यांना आत यायचंय, मी पदर घ्यावा. मी पदर घेतला. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "चहा आज होणार आहे, की दिवाळीला?"

हे बाहेर होते. मध्ये सांगायला कुणी नव्हतं. मी भिंतीलाच म्हटलं, "दूध उतू जाईल म्हणून बारीक ठेवलाय."

"उतू जाऊ दे!"

"लक्ष्मी आहे," मी म्हटलं.

ते परत गेले.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा पाळण्याचा तळ रेघेखाली वीतभर आला होता. मुलीने कप घेतला, रेघ पाहिली, दादांकडे पाहिलं.

"अंकल, चाय तो मशीन भी पीने आ रही है."

"गरमी है ना बेटा, लोहा फैलता है."

"फैलता तो ऊपर जाता, अंकल." तिने चहाचा घोट घेतला. "चाय बढ़िया है, आंटी. देर से आई, पर बढ़िया है." आणि माझ्याकडे पाहून जरा हसली. तिला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. हिरव्या कागदावर तिने आपला लाल कागद चिकटवला.

दादा दिवसभर त्या मुलीला, कंपनीला आणि आजकालच्या शिक्षणाला शिव्या देत होते. रात्री हे माझ्याशेजारी आडवे झाले. मग म्हणाले, "चौघं होतो गं वर." एवढंच.

इंदूरहून मिस्त्री आला. आत हात घालण्याआधी त्याने विचारलं, "सेफ्टी बार कहाँ है? कैंची के बीच लगाने वाला. उसके बिना मैं अंदर हाथ नहीं डालूँगा." हे उठले, मागच्या दाराशी गेले आणि अडसर काढून आणला. मिस्त्रीने तो हातात घेतला, त्याच्यावरचे दाराचे ओरखडे पाहिले. "वाह," म्हणाला, "चोरों से बचे, मौत से नहीं." दादांना ती गंमत आवडली नाही. मला फार आवडली.

पाळणा उचलणाऱ्या तेलाच्या सिलेंडरची सील गेली होती, तेल आतल्या आत मागे सरकत होतं. बॅटऱ्यांना मोटारीच्या पाण्याने खाऊन टाकलं होतं. खर्च दादांच्या हिशोबाबाहेर निघाला. त्यांनी लगेच ह्यांना म्हटलं, "तिला सांग, पापडांचे पैसे पडूनच असतात ना डब्यात? हॉलचं काम झालं की परत देतो."

"परत देतील म्हणे," हे म्हणाले.

मी डबा काढून दिला. ह्यांची वर जायची मशीन दुरुस्त होत होती, मी काय नाही म्हणणार? पण ह्यांच्या हातात ठेवताना मी म्हटलं, "उसने आहेत, सांगा." ह्यांनी सांगितलं. मशीन बरी झाली, त्या मुलीने पुन्हा येऊन पाहिली, लाल कागद काढला. हॉलमध्ये झुंबरं लागली. हे दोन माणसांतच वर जायचे, तिसरा चढला तर खाली उतरायला सांगायचे. हा बदल दादांनी करायला सांगितला नव्हता.

हॉलचे पैसे दादांना मिळाले. माझे काही आले, काही नाही. मी ह्यांच्याकरवी विचारलं तर निरोप आला, "तिला सांग, उरलेले पापड वाळवायच्या भाड्यात वळते केले. माझ्या मशीनवर वाळवते ना?"

भाडं! साहेबांना बांधून दिलेली पिशवी कुणाच्या खात्यात लिहिली होती, ते मात्र सांगितलं नाही.

मी वाळवायचं सोडलं नाही. पापडांचे दिवस संपल्यावर गोधड्या धुऊन वर टाकू लागले. हे सकाळी तेल, चाकं, मशीन थांबवायचं लाल बटण, कठड्याचं दार बघतात, आणि मग माझ्यासाठी पाळणा वर करून जातात. मीही भिंतीवर खडूची रेघ ओढते. पोळ्या झाल्या की बाहेर येऊन बघते.

पुन्हा दसरा आला. गुरुजी आले, हार आला. या वेळी स्वस्तिक पेटीच्या झाकणावर काढलं, पाटी सोडून. दादांनी नवा पांढरा कुर्ता घातला होता, काळा चष्मा लावला होता. त्यांच्या मनात होतं की स्वतः वर जायचं, पाळण्यातून हात जोडायचे आणि फोटो काढून घ्यायचा, दुकानाच्या बोर्डासाठी. मशीन घेतल्यापासून ते एकदाही वर गेले नव्हते. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही त्या दिवशी आलं.

पाळण्याच्या दाराशी एक पाय ठेवून ते थांबले. वर पाहिलं. खाली पाहिलं. मग हळूच ह्यांना म्हणाले, "तिला विचार, गोधड्या घातल्या होत्या का एवढ्यात? टिकली का?"

मी चार पावलांवर आरतीचं ताट घेऊन उभी होते. कालच घातल्या होत्या. पाळणा रेघेवरून केसभर हलला नव्हता.

मी ह्यांना म्हटलं, "आधी उरलेले."

"आधी उरलेले म्हणे," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात मला कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. मला वाटतं ते हसू दाबत होते.

गुरुजी, शेजारीण, फोटो काढणारा, सगळे बघत होते. दादांनी एक पाय दारातून काढला, कुर्त्याच्या खिशात हात घातला. ओवाळणीसाठी आणलेल्या नव्या नोटा होत्या. त्यांनी मोजल्या, कमी पडल्या, तेव्हा दुसऱ्या खिशातल्या जुन्या काढल्या. ह्यांच्या हातात द्यायला हात पुढे केला, पण हे मागे सरकले आणि मशीनची किल्ली पुसत बसले.

मग दादांनी नोटा माझ्या ताटात ठेवल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "घे. सगळे फिटले."

मी मोजले. फिटले होते.